मास्तरांची चार काजं

मास्तर शुक्रवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वारले. म्हैसूरच्या शिवरामपेटेतल्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी, उभे असताना. साडेनऊला मी त्यांच्या मुलीला, वीणाला, हिनकलला फोन केला. "अप्पा गेले," असं सांगितलं. ती म्हणाली, "हातात फाइल आहे. संपवून बोलते." फोन बंद झाला. अकराला दहा कमी असताना तिचा फोन आला. "आता सांग. कसं झालं?"

गल्लीत त्या दिवशी हेच बोलणं होतं, की बाप गेला तरी मुलगी काम संपवून उठली. वीणाची आई गेली त्या दुपारची आठवण कुणी काढली नाही. तेव्हा वीणा कॉलेजात होती. आतल्या खोलीतून ती दुकानाच्या दारात आली आणि म्हणाली, "अप्पा, आई गेली." मास्तरांनी एका नवरदेवाच्या सुटाच्या कापडावर खडू मारलेला होता. ते म्हणाले, "थांब." वीणाने पुन्हा सांगितलं. मास्तरांनी मान वर न करता कात्री चालवली, दोन्ही बाह्या कापल्या, तुकडे घडी करून वर लोखंडी वजन ठेवलं, हात धुतले आणि आत गेले. पुढे कुणीतरी विचारलंच. त्यांचं उत्तर असं होतं : "खडू मारलेलं कापड सोडलं तर रेघ पुसते. ती कुठे जाणार होती? तिथंच होती."

मी त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पुण्यात वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम केलं, नोकरी संपल्यावर म्हैसूरला परत आलो आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहू लागलो. नात्याने ते माझे मामा. पण आमच्या घरातही त्यांना मास्तरच म्हणत. ते कटिंग मास्तर होते. माप घेणं आणि कापड बेतणं एवढंच ते करत. शिवायला कापड बाहेर जाई. आमच्या शिंपी समाजातले पुष्कळ लोक पिढ्यान् पिढ्या याच धंद्यात आहेत, विठ्ठलाच्या देवळात सकाळी टाळ वाजवतात आणि दहाला दुकान उघडतात. मास्तर टाळ वाजवत नसत. वाजवणाऱ्यांच्या सदऱ्याचे खांदे कुठे उचलले जातात हे ते मागे बसून सांगत.

माणसाच्या अंगातला दोष त्यांना टेप लावण्याआधी दिसे, आणि तो मोठ्याने सांगितल्याशिवाय ते टेप लावत नसत. एका वकिलाला ते म्हणाले, "डावा खांदा दोन बोटं खाली आहे. कोर्टात कुठल्या बाजूने वाकता?" एका नवरदेवाने माप देताना श्वास रोखून पोट आत घेतलं. "सोडा," मास्तर म्हणाले. "लग्न झाल्यावर सोडणारच. मी सुटलेल्या पोटाचं माप घेतो." सासरची माणसं बाकावर बसलेली होती. गिऱ्हाइकांशी ते कन्नडमध्ये बोलत आणि घरात मराठीत. अपमान दोन्हीकडे सारख्याच मापाचा असे.

वरुणा गावाहून एक बाई आली होती. नवऱ्याचा कोट घेऊन. नवरा वारला होता आणि तो कोट मुलाच्या अंगाला बसवून हवा होता. मास्तरांनी कोट उलटा केला, अस्तर पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. "कोट कापून मुलाएवढा करता येईल," ते म्हणाले. "मुलगा वाढून कोटाएवढा होणार नाही." बाई रडली. कोट तिथेच ठेवून गेली. पंधरा दिवसांनी न्यायला आली. पुढे कित्येक वर्षांनी तो मुलगा मोठा झाल्यावर पुन्हा आला. मास्तरांनी तोच कोट उसवून त्याच्या मापाचा केला. बापाच्या अंगाचं सगळं कापड त्यांनी आत दुमडून ठेवलं होतं. एक सूतही कापलं नव्हतं. त्या बाईला त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

शिवणीच्या आत जादा ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. इतर दुकानांत ती एक बोट असे, मास्तरांकडे दोन. त्यांचा हिशेब असा की देह वाढतो आणि कापड आटतं. मध्ये जागा ठेवली नाही तर दोघांपैकी एक फाटतं. म्हणून लोक बोलणी खाऊन परत येत. लग्नात शिवलेला कोट मुलाच्या मुंजीत सैल करून मिळे.

दुसरा त्यांचा नियम कच्च्या कामाचा. शिवून आलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते स्वतः तो घेऊन बसत. धावदोरा ओढून काढत, खडूच्या खुणा झटकत, खिशात किंवा गळपट्टीत आधाराला घातलेला कागद काढून टाकत, आणि वर इस्त्री फिरवत. एकदा एका सदऱ्यात धावदोऱ्याचा एक टाका राहिला आणि सदरा गिऱ्हाइकाच्या घरी पोचला. मास्तर सायकलवरून बन्नूरच्या बसच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्या माणसाला बसमधून उतरवून टाका काढून आले. बस निघून गेली. माणसाला तासभर दुसरी मिळाली नाही. "कच्चं माझ्या दुकानातून बाहेर जात नाही," एवढंच ते त्याला म्हणाले.

काजं मात्र ते करत नसत. काजं मामी करायची. पस्तीस वर्षं मास्तरांच्या प्रत्येक कोटाचं प्रत्येक काज तिने हाताने केलं. कुणी कोटाची तारीफ केली आणि मामी जवळ असली तर मास्तर म्हणत, "हिचंही काम आहे त्यात. भोकं." मामी हसायची. ती गेल्यावर मास्तर काजं मशिनवर करून आणू लागले. एकदा मी विचारलं, तुम्ही का नाही करत? ते म्हणाले, "कटिंग मास्तर काजं करायला बसला तर गल्ली हसेल."

माझा पहिला लेख छापून आला तेव्हा मी तो त्यांना दाखवायला नेला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला. "एवढं कापड लागलं," ते म्हणाले, "आणि अंगात घालायला काही नाही." तो लेख मी नंतर पुन्हा वाचला आहे. त्यांचं मत बरोबर होतं.

वीणा बसमधून उतरताना पडली. पाठीचे दोन मणके दुखावले. शस्त्रक्रिया झाली, ती काठी धरून चालू लागली. पण ताठ बसणं संपलं. टेबलाशी दहा मिनिटं बसली की पाय बधिर होत. तेव्हापासून ती आतल्या खोलीत, मागे रेलणाऱ्या खुर्चीत, अर्धी निजून असे. दुकान आणि ती खोली यांच्यामध्ये एक पडदा होता. दुकानातलं सगळं आत ऐकू जाई.

गिऱ्हाईक तिची चौकशी करत. मास्तर उत्तर देत. "आत एक तागा आहे गुंडाळलेला. उलगडत नाही, खपत नाही." हे वाक्य मी स्वतः चार-पाच वेळा ऐकलं आहे. 

वीणाचं काम असं होतं : डॉक्टर रोग्याबद्दल बोलतात, यंत्र ते ऐकून लिहितं, आणि यंत्राने चुकवलेलं माणूस दुरुस्त करतो. डाव्या मूत्रपिंडाचं उजवं झालेलं असतं, ते पुन्हा डावं करायचं. पडण्याआधी ती हे कंपनीत बसून करत असे. पडल्यावर कंपनीने कळवलं की घरून करता येईल. पण आधी एका सकाळी एक फाइल चालू कॅमेऱ्यासमोर दुरुस्त करून दाखवावी लागेल. जमलं तर नोकरी कायम, नाही तर नाही.

तिला ही नोकरी कशासाठी हवी होती हे तिने मला सांगितलं, आणि मी असताना मास्तरांनाही. "नोकरी राहिली तर मी हिनकलला खोली घेणार. मैत्रिणीच्या घरी, खालच्या मजल्यावर."

"सरी, ठीक आहे," मास्तर म्हणाले. "आणि तिथं तुला उठवणार कोण? तुझी नोकरी?"

"तुम्ही उठवताना बोलता ते ऐकून उठण्यापेक्षा पडून राहीन अप्पा."

अडचण साधी होती. अर्धवट निजलेल्या माणसाला माउस चालत नाही. तो पोटावरून घसरतो. म्हणून तिने बिनवायरीचा कीबोर्ड आणि बोटाने चालवायचा सपाट ट्रॅकपॅड घेतला. कीबोर्ड मांडीवर, ट्रॅकपॅड त्याच्या शेजारी. पण दोन्ही सुटे. लिहिता लिहिता ट्रॅकपॅड सरके आणि खाली पडे. तिला वाकता येत नव्हतं. ती हाक मारी, मास्तर दुकानातून आत येत, तो उचलत आणि तिच्या मांडीवर ठेवत. आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत : "पडलं? तुझ्यासारखंच."

दिवसातून आठ-दहा वेळा.

तिने बाहेरून एक वस्तू मागवली. कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड एकमेकांना जोडायची प्लास्टिकची पट्टी, मागून अर्धगोल पन्हाळीसारखी. ती आली तेव्हा कळलं की ती जुन्या कीबोर्डासाठी आहे. जुन्याच्या पाठीला सेल घालायची गोल नळी असे आणि पन्हाळ त्या नळीला पकडे. वीणाचा कीबोर्ड नवा, मागून सपाट, नळी नसलेला. मास्तरांनी पट्टी हातात घेऊन फिरवली आणि हसले. मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. "अय्यो! नाडी पाठवली, नेफाच नाही!" दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला ते ती पट्टी दाखवत होते. "शिकलेल्या पोरीने मागवली बघा. नोडी, नोडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप आणि खडू घेऊन आत गेले. वीणा म्हणाली, "काय हवंय?" ते म्हणाले, "तुझं माप नको. तुझं कुणी घेत नाही आता. यंत्राचं घेतो."

त्यांनी कीबोर्ड कागदावर ठेवून भोवती रेघ मारली, मग ट्रॅकपॅडभोवती, आणि दोन्हींच्या बाहेरून आणखी एक. कागद कापला आणि त्यावर 'वीणा – यंत्र' असं लिहिलं. गिऱ्हाइकांचे असे कागदी खाके दुकानात एका खिळ्याला अडकवलेले असत. सुटाचं कापड ज्या फळीभोवती गुंडाळून येतं तशी एक रिकामी फळी त्यांनी घेतली, तिच्यावर निळं ब्लेझरचं कापड चढवलं, आणि कोटाच्या कॉलरीत घालतात त्या ताठ बकरमच्या कडा वर उभ्या केल्या. मोठ्या चौकटीत कीबोर्ड, लहानीत ट्रॅकपॅड, अशी एक पाटी झाली. कडा बाहेर शिवायला दिल्या नाहीत. स्वतः बसून शिवल्या आणि टाचण्यांनी फळीला ठोकल्या. म्हैसुरात त्या वेळी अशी दुसरी वस्तू असेल असं मला वाटत नाही. ती सुंदर होती.

आणि तिच्यात चारही बाजूंनी अर्धं बोट जागा होती.

"अप्पा, हलतंय," वीणा म्हणाली.

"हलेल. जिवंत माणूस वापरणार ना? फोटो तर नाही."

"कीबोर्ड वाढत नाही अप्पा. ही जागा नको मला."

"आधी सगळे असंच म्हणतात. मग दहा वर्षांनी येतात, मास्तर, जरा सैल करा."

त्यांनी जागा कमी केली नाही. वीणाने वाद घातला नाही. वरच्या खोलीतली रद्दी माझ्याकडे मागितली. वर्तमानपत्राच्या चार-पाच घट्ट घड्या करून तिने त्या बकरमच्या कडांच्या आत दाबल्या. कीबोर्ड बसला, ट्रॅकपॅड बसला. पाटी पोटावर तिरकी ठेवली तरी दोन्ही जागचे हलेनात. तिने तीन दिवस त्यावर सराव केला. त्या तीन दिवसांत खाली काहीच पडलं नाही आणि मास्तरांना आत जावं लागलं नाही. ते पडद्यापर्यंत येत आणि परत जात.

परीक्षा बुधवारी अकरा वाजता होती. सकाळी शेजारच्या कमलक्का वीणाला अंघोळीला घेऊन गेल्या. त्या अर्ध्या तासात मास्तर आत गेले. पाटी दुकानात आणली. कडांतले कागद काढले, कापडावरचे दोरे निपटले, चारही कडांवर गरम इस्त्री फिरवली आणि पाटी परत नेऊन ठेवली. मी दुकानात बाकावर बसलो होतो आणि हे पाहत होतो. कागद कशासाठी घातले आहेत हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. पाटी बाहेर निघण्याआधी ते ती नीट करत आहेत एवढंच माझ्या मनात आलं. पन्नास वर्षं ते प्रत्येक वस्तूला हेच करत आले होते.

वीणा आली, खुर्चीत बसली, कमलक्कांनी तिच्या मांडीवर पाटी ठेवली आणि वर कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड बसवून दिले. इस्त्रीने कडा ताठ उभ्या होत्या. आतली जागा वरून दिसत नव्हती. अकराला कॅमेरा चालू झाला. कंपनीची एक बाई पलीकडून बोलत होती. अर्धा तास नीट गेला. मग वीणाचे हात वेगाने चालू लागले, कीबोर्ड खाली सरकला, ट्रॅकपॅड तिरका होऊन बकरमच्या कडेवर चढला. वीणा तो तळहाताने खाली दाबायला गेली आणि भलतंच बटण दाबलं गेलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फाइल अर्धवट दुरुस्त झालेली कंपनीकडे गेली.

"सबमिट आगिदे मॅडम," पलीकडची बाई म्हणाली. "झालं ते झालं. परत घेता येत नाही."

वीणाने कॅमेरा बंद केला. पडदा उघडा होता. "अप्पा," तिने हाक मारली. ते दारात आले.

"कागद कुठे आहेत?"

"काढले."

"का?"

"कच्चं काम होतं. मी कच्चं बाहेर जाऊ देत नाही."

"बाहेर कुठे जाणार होतं? माझ्या मांडीवर होतं."

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," वीणा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "नोकरी राहिली तर मी जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. पडलेलं उचलायला आत यायला मिळेना म्हणून काढलेत."

"असं नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

"आई गेली हे मी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला रेघ पुसेल म्हणून वेळ नव्हता. आज वेळ होता. अर्धा तास. इस्त्री करायला."

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. मास्तर बाहेर आले, त्यांनी टेप हातात घेतली आणि त्या माणसाचं माप घेतलं. छाती, कंबर, बाही. त्या माणसाच्या अंगात काय दोष आहे ते त्यांनी सांगितलं नाही. माणूस वाट पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला.

कंपनीचा नकार त्याच आठवड्यात आला. वीणाने बापाशी बोलणं बंद केलं. ट्रॅकपॅड पुन्हा सुटा झाला, पुन्हा पडू लागला. ती आता हाक मारत नसे. कमलक्का येईपर्यंत तो फरशीवर पडलेला असे. मास्तर पडद्याशी उभे राहून आत पाहत. एकदा त्यांनी आत जाऊन तो उचलला आणि न बोलता तिच्या मांडीवर ठेवला. वीणा म्हणाली, "म्हणा की. तुझ्यासारखंच." ते परत आले. त्यानंतर आत गेले नाहीत.

तीन महिन्यांनी तिला दुसऱ्या कंपनीत तेच काम मिळालं. त्यांनी परीक्षा घेतली नाही. प्लास्टिकच्या एका ट्रेवर तिने कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड दुहेरी चिकटपट्टीने चिकटवून टाकले होते. चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटे आणि दर आठवड्याला नवी लावावी लागे. पण ती चाले.

एका सोमवारी सकाळी पावणेअकराला ती हिनकलला गेली. रिक्षा दारात आली. मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून निळी पाटी उसवत होते. बकरमच्या कडा त्यांनी एकेक करून फळीपासून सोडवल्या होत्या. वीणा काठी टेकत त्यांच्या शेजारून गेली. पाटीकडे तिने पाहिलं.

"आयतु, झालं," ती म्हणाली. "न खपलेला तागा मी घेऊन चालले. फळी ठेवा तुम्हाला."

मास्तरांनी मान वर केली नाही. ती पायरीवर पोचली तेव्हा ते म्हणाले, "भिंतीला धर. पडलीस तर मी उचलणार नाही."

ती भिंतीला न धरता उतरली. बापलेकीत झालेलं हे शेवटचं बोलणं. पुढच्या आठ महिन्यांत तिने त्यांना फोन केला नाही आणि त्यांनी तिला केला नाही. हिनकल शिवरामपेटेपासून बसने अर्ध्या तासावर आहे. मी महिन्यातून एकदा तिथे जात असे. परत आलो की मास्तर विचारत, "उभी राहते का?" मी हो म्हणे. "खांदा कुठला खाली आहे?" मी म्हणे, लक्ष दिलं नाही. "वर्तमानपत्रात होतास म्हणे," ते म्हणत.

त्यांची नजर त्या काळात अधू झाली होती. सुईत दोरा ओवायला ते मला वरच्या खोलीतून खाली बोलावू लागले. सुई कशाला लागते ते मी विचारलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "त्या यंत्राच्या पाठीला काय असतं रे?" मी सांगितलं की चालू-बंद करायचा एक खटका असतो आणि विजेची वायर लावायला एक भोक असतं. दोन्ही यंत्रांना तसंच. ते म्हणाले, "काढून दाखव." मी कागदावर काढलं. त्यांनी कागद उलटसुलट केला. "उजवीकडे कुठला? नीट सांग. अंदाजे सांगू नकोस." पुढच्या खेपेला मी हिनकलला गेलो तेव्हा वीणाला न सांगता मोजून आलो.

दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं. मास्तर लोकांच्या अंगातले दोष सांगेनासे झाले, आणि लोकांना वाटू लागलं की त्यांना आता नीट दिसत नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी त्या वकिलाने मला तसं सांगितलं. "पूर्वी माणूस निदान शिवी देऊन तरी माप घ्यायचा. आता सुम्ने, गप्प टेप फिरवतो."

मास्तर गेले त्या शुक्रवारी वीणा साडेबाराला आली. रिक्षाच्या मागच्या बाकावर तिरकी निजून. मास्तरांना आतल्या खोलीत, तिची खुर्ची होती त्या जागी, जमिनीवर ठेवलं होतं. उशाशी दिवा होता. दिव्याजवळ एका लांबट पाटीवर तुळस, शेवंतीची फुलं, कापूर आणि हळदकुंकवाच्या पुड्या ठेवल्या होत्या.

वीणा दारातच थांबली. बापाकडे पाहण्याआधी तिने पाटीकडे पाहिलं.

"हे कुणी काढलं?"

"मी," कमलक्का म्हणाल्या. "दुकानात तागे ठेवतात त्या फळ्यांत होतं गं. कापडात गुंडाळून ठेवलेलं. ताट सापडेना, म्हणून घेतलं. का? नको होतं?"

वीणाने कुणालातरी ताट आणायला सांगितलं. फुलं, तुळस, कापूर एकेक करून ताटात ठेवायला लावलं. कमलक्कांनी पाटी तिच्या हातात दिली; तिच्यावर सांडलेलं कुंकू तिने पदराने पुसलं. ते पूर्ण निघालं नाही. मग ती बापाजवळ गेली.  चितेपर्यंत ती रडली नाही, गल्लीने तेही नोंदवलं.

खिळ्यावरचे खाके मी दुसऱ्या दिवशी उतरवले. 'वीणा – यंत्र' सगळ्यांत वर होता. त्याच्या बाहेरची, अर्ध्या बोटाची रेघ खोडलेली होती.

पाटी हिनकलला आहे. फळी जुनीच आहे. पहिल्या कडा जिथे होत्या तिथली टाचण्यांची भोकं नव्या काळ्या कापडाखाली हाताला लागतात. वीणाने रविवारी चिकटपट्टी सोडवून कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड तिच्यात बसवले. चारही बाजूंना जागा नाही. मागच्या कडेला दोन खटके आणि दोन वायरी यांच्यासाठी चार काजं आहेत. चारही हाताने केलेली आहेत. टाके सारखे नाहीत, आणि चौथं काज उलट्या बाजूने केलं गेलं आहे. वीणाने ते तसंच ठेवलं आहे.